शंभर बेदाणे, चार कोटेशने: अनेक निकषांवर पर्याय कसे तोलावेत

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतील एका छोट्या कारखान्याच्या ऑफिसात टेबलावर चार वाट्या मांडल्या होत्या आणि त्यांच्या शेजारी एका ताटलीत शंभर बेदाणे मोजून ठेवले होते. कारखाना दोघा भावांचा. पंपांना लागणाऱ्या बुशा आणि शाफ्ट ते करून देतात. थोरले बंधू हिशेब, बँक आणि गिऱ्हाईक सांभाळतात, धाकटे दिवसभर शॉपवर यंत्रांपाशी असतात. नवे सीएनसी टर्निंग सेंटर (संगणकाच्या आज्ञांवर चालणारे लेथ यंत्र) घ्यायचे ठरले होते, चार कोटेशने हातात होती, आणि पंधरा दिवस बोलणी करूनही निर्णय होत नव्हता, कारण थोरल्यांची गाडी दर वेळी यंत्राच्या भावावर येऊन थांबे, धाकट्यांची अचूकतेवर, आणि दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते. अशा हिशेबांत माझे थोडेफार शिक्षण झालेले असल्याने त्यांनी मला बोलावून घेतले. बेदाणे मी मागितले. सांगलीत ते मागावे लागतात एवढेच, शोधावे लागत नाहीत.

एकाच वेळी अनेक निकष लावून पर्यायांचा क्रम ठरवण्याच्या या शास्त्राला बहुनिकष निर्णयपद्धती म्हणतात. धरणाची जागा, कारखान्याचा कच्च्या मालाचा पुरवठादार, यंत्राच्या भागासाठी वापरायचा धातू, शहराबाहेरच्या कचरा डेपोची जमीन, असे प्रश्न तिच्यासमोर येतात. त्या सर्वांत अडचण एकच असते. एक पर्याय एका बाबतीत सरस असतो, दुसरा दुसऱ्या बाबतीत, आणि लाख रुपये, मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) व तास यांची बेरीज कोणत्याही गणितात होत नाही. ही अडचण जुनी आहे. बेंजामिन फ्रँकलिन यांनी 1772 मध्ये जोसेफ प्रीस्टली यांना लिहिलेल्या पत्रात स्वतःची रीत सांगितली होती: कागदाच्या मधोमध रेघ मारायची, एका बाजूला अनुकूल मुद्दे आणि दुसऱ्या बाजूला प्रतिकूल मुद्दे तीन-चार दिवसांत सुचतील तसे लिहायचे, मग दोन्हीकडचे समान वजनाचे मुद्दे एकमेकांसमोर खोडत जायचे आणि शेवटी कोणत्या बाजूला काय उरते ते पाहायचे. आजच्या पद्धतींत आकडेमोड पुष्कळ वाढली आहे, परंतु गाभा तोच राहिला आहे.

कोटेशनांतून आणि विक्रेत्यांशी झालेल्या बोलण्यातून आम्ही चार निकष काढले. पहिला भाव, लाखांत. दुसरा अचूकता, म्हणजे तोच जॉब पुन्हा पुन्हा कापताना मापात पडणारा फरक, मायक्रॉनमध्ये. हा जितका कमी तितका चांगला. तिसरा सर्व्हिस, म्हणजे यंत्र बंद पडल्याचा फोन केल्यापासून माणूस दारात येईपर्यंतचे तास. चौथा उत्पादन, म्हणजे ठरावीक बुश तासाला किती नग निघतात. यंत्रांना आपण अ, ब, क, ड म्हणू.

अ: 18 लाख, 12 मायक्रॉन, 8 तास, 20 नग
ब: 24 लाख, 5 मायक्रॉन, 48 तास, 26 नग
क: 21 लाख, 8 मायक्रॉन, 24 तास, 24 नग
ड: 40 लाख, 6 मायक्रॉन, 48 तास, 25 नग

आकडेमोड सुरू करण्याआधी नुसत्या नजरेने एक काम उरकून घ्यावे. ड हे यंत्र ब च्या शेजारी ठेवून पाहा. भाव जास्त, मापातला फरक जास्त, सर्व्हिस तितकीच, नग कमी. एकाही निकषावर ते ब पेक्षा सरस नाही, म्हणून निकषांना भार, म्हणजे महत्त्व, कसेही दिले तरी ते ब च्या पुढे जाऊ शकत नाही, आणि ते बाजूला काढता येते. थोरल्यांना मात्र ते काढताना जिवावर आले. अशी कुरकुर झाली की तिच्याकडे दुर्लक्ष करू नये, कारण मनात असलेला एखादा निकष कागदावर उतरलेला नाही याची ती खूण असू शकते. मी विचारले तेव्हा कळले की आयात यंत्र दहा वर्षांनी विकताना चांगली किंमत येते असा त्यांचा समज होता. धाकट्यांनी दोन फोन लावून तो समज दूर केला आणि ड गेले.

त्यानंतर बेदाणे. प्रत्येकाने दुसऱ्याला न विचारता शंभर बेदाणे चार वाट्यांत महत्त्वानुसार वाटायचे होते. थोरल्यांनी भावाच्या वाटीत 45, अचूकतेच्या 15, सर्व्हिसच्या 15 आणि उत्पादनाच्या वाटीत 25 टाकले. धाकट्यांनी अनुक्रमे 15, 45, 25 आणि 15. पंधरा दिवसांचे भांडण पहिल्यांदाच डोळ्यांना दिसले, आणि ते सरसकट नसून मुख्यतः दोन वाट्यांपुरते आहे हेही दिसले. सरासरी काढली तेव्हा 30, 30, 20, 20 आली. हे चार आकडे म्हणजे भार. खरे भार सूत्रातून निघत नाहीत, ते माणसांच्या मनातून काढावे लागतात. अभियांत्रिकीच्या प्रकल्प अहवालांत मी असे पाहिले आहे की आकडेमोडीची पानेच्या पाने असतात आणि भार कुठून आले हे मात्र एका ओळीत उरकलेले असते. माझ्या मते तो क्रम उलटा हवा.

पुढचा प्रश्न वेगवेगळ्या मोजमापांना एका पट्टीवर आणण्याचा. याला प्रमाणीकरण म्हणतात, आणि बहुतेक वाचक इथे पान उलटतात. पण खरी गंमत इथेच आहे, म्हणून आपण जरा थांबू.

एक रीत अशी की प्रत्येक निकषावर सर्वांत चांगल्या यंत्राला पूर्ण गुण, सर्वांत वाईटाला शून्य, आणि मधल्याला अंतराच्या प्रमाणात गुण द्यायचे. भावात 18 लाखांना 30 पैकी 30, 24 लाखांना शून्य, आणि बरोबर मध्ये असलेल्या 21 लाखांना 15. अशा रीतीने अ ला भावाचे 30 आणि सर्व्हिसचे 20 मिळून 50 गुण होतात. ब ला अचूकतेचे 30 आणि उत्पादनाचे 20 मिळून तेही 50. क कशातच पहिले नाही आणि कशातच शेवटचेही नाही. त्याला भावाचे 15, अचूकतेचे 17.1, सर्व्हिसचे 12 आणि उत्पादनाचे 13.3 मिळून साधारण 57.5 गुण होतात. क पहिले.

दुसरी रीत गुणोत्तराची. सर्वांत कमी भाव भागिले या यंत्राचा भाव, म्हणजे 24 लाखांना 18 भागिले 24, अर्थात 0.75. जिथे जास्त ते चांगले, तिथे या यंत्राचे नग भागिले सर्वांत जास्त नग. सल्लागार नेमण्याच्या सरकारी निविदांत तांत्रिक गुणांबरोबर भावाचे गुण धरताना साधारणपणे हीच रीत असते. हिने हिशेब केला तर अ ला 77.9, ब ला 75.8 आणि क ला 69.6 गुण पडतात. यंत्रे तीच, बेदाणे तेच, आणि मघाशी पहिले आलेले क आता शेवटचे.

थोरल्यांनी लगेच विचारले, “म्हणजे गणित पाहिजे तसं वाकवता येतं तर?” त्यांचा संशय रास्त होता, परंतु उत्तर गणितात शोधून सापडणारे नव्हते. क चा घात नेमका कुठे झाला ते पाहू. गुणोत्तराच्या रीतीत सर्व्हिसला 8 तासांना 20 गुण आहेत, 24 तासांना 6.7 आणि 48 तासांना 3.3. म्हणजे 8 वरून 24 तासांवर जाताना 13 गुण जातात आणि पुढच्या 24 तासांच्या उशिराला जेमतेम 3.3. ही रीत न सांगता असे गृहीत धरते की पहिल्या दिवसाचा खोळंबा भयंकर आणि त्यानंतरचा किरकोळ. हे या कारखान्यात खरे आहे का, हा प्रश्न शॉपवरच्या माणसाला विचारायचा. धाकटे म्हणाले, “दादा, संध्याकाळी मशीन बसलं तर माणूस आठ तासांत आला काय आणि दुसऱ्या दिवशी आला काय, एक दिवस गेलाच. पण दुसरा दिवस गेला की डिस्पॅचची गाडी चुकते.” त्यांच्या दृष्टीने दुसऱ्या दिवसाचा उशीर पहिल्याइतकाच, किंबहुना जास्तच बोचणारा होता. तेव्हा या कारखान्यासाठी सरळ अंतराची पहिली रीत वस्तुस्थितीच्या अधिक जवळ होती आणि गुणोत्तराची दूर. पट्टीची निवड ही तांत्रिक बाब वाटते, पण तीत नफा-तोट्याविषयीचे एक विधान दडलेले असते, आणि ते विधान ज्याचे नुकसान होणार त्याच्यासमोर बोलून दाखवावे लागते.

पहिल्याच रीतीने, प्रत्येक बंधूच्या स्वतःच्या भारांनी, स्वतंत्र हिशेबही करून पाहिला. थोरल्यांच्या बेदाण्यांनी अ ला 60, क ला 56.7 आणि ब ला 40. धाकट्यांच्या बेदाण्यांनी ब ला 60, क ला 58.2 आणि अ ला 40. दोघांचेही पहिले यंत्र दुसऱ्याच्या यादीत तळाला होते, आणि क दोघांच्याही यादीत थोडक्यात हुकलेले दुसरे होते. पंधरा दिवसांच्या चर्चेत क चे नाव कोणी फारसे घेतले नव्हते, कारण चर्चेत माणूस आपल्या पहिल्या पसंतीची बाजू लढवतो आणि दुसरी पसंती बोलून दाखवत नाही.

व्यवसायात आणि अभियांत्रिकीत पुष्कळ वापरलेली दिसते अशी एक पद्धत म्हणजे टॉप्सिस. चिंग-लाई ह्वांग आणि क्वांगसुन यून यांनी ती 1981 मध्ये मांडली. तिची कल्पना मोठी सुटसुटीत आहे. प्रत्येक निकषावरचे सर्वोत्तम आकडे एकत्र करून एक काल्पनिक आदर्श यंत्र बनवायचे: आपल्या बाबतीत 18 लाख, 5 मायक्रॉन, 8 तास, 26 नग. असे यंत्र बाजारात नाही, असते तर प्रश्नच नव्हता. तसेच सर्वांत वाईट आकड्यांचे एक काल्पनिक यंत्र बनवायचे: 24 लाख, 12 मायक्रॉन, 48 तास, 20 नग. मग प्रत्येक खरे यंत्र आदर्शापासून किती दूर आणि वाइटापासून किती दूर हे शाळेतल्या पायथागोरसच्या सूत्राने मोजायचे, फक्त दोनऐवजी चार दिशांत. वाइटापासूनचे अंतर भागिले दोन्ही अंतरांची बेरीज, हा शेवटचा आकडा. तो 1 च्या जितका जवळ तितके यंत्र चांगले. आमच्या तीन यंत्रांचे आकडे असे आले: क 0.583, अ 0.525, ब 0.475. अंतर मोजताना फरकांचा वर्ग होत असल्यामुळे एखाद्या बाबतीत फार मागे असलेल्या यंत्राला ही पद्धत जास्त शिक्षा करते, म्हणून सर्वच बाबतींत बऱ्यापैकी असलेले क इथे पुढे आले यात नवल नाही.

आता बाजूला काढलेल्या ड कडे परत येऊ. समजा आम्ही ते काढलेच नसते. चौघांचा हिशेब पहिल्या रीतीने पुन्हा करा. भावाची पट्टी आता 18 ते 40 लाख अशी लांबते. अ चे गुण 50 च राहतात. ब चे 50 चे 71.8 होतात, क चे 57.5 चे 68.4, आणि ड 42.4 वर शेवटचे. म्हणजे जे यंत्र कधीच जिंकू शकत नव्हते त्याच्या नुसत्या हजेरीने क ची पहिली जागा ब ला गेली. याला क्रमपालट म्हणतात. एएचपी (ॲनालिटिक हायरार्की प्रोसेस) या प्रसिद्ध पद्धतीत असे घडते हे बेल्टन आणि गिअर यांनी 1983 मध्ये दाखवले तेव्हापासून या विषयात त्यावर वाद चालू आहे. टॉप्सिसही यातून सुटलेली नाही. व्यवहारात याचा अर्थ असा की एखादे अवाच्या सवा कोटेशन यादीत घुसले, किंवा कोणी मुद्दाम घुसवले, तर निकाल फिरू शकतो.

हे का घडते ते एका वाटीत पाहता येते. भावाच्या वाटीत 30 बेदाणे होते. पट्टी 18 ते 24 लाखांची होती तेव्हा 6 लाखांच्या फरकाला पूर्ण 30 गुण होते. पट्टी 22 लाखांची झाल्यावर त्याच 6 लाखांच्या फरकाला जेमतेम 8 गुण उरले. बेदाणे तेवढेच राहिले आणि रुपया मात्र स्वस्त झाला. दोष सूत्राचा कमी आणि वाट्या भरताना विचारलेल्या प्रश्नाचा जास्त. “भाव किती महत्त्वाचा?” हा प्रश्न अर्धवट आहे, भाव नेहमीच महत्त्वाचा असतो. विचारायचे असे: 24 लाखांवरून 18 लाखांवर येणे तुम्हाला जास्त मोलाचे, की 12 मायक्रॉनवरून 5 मायक्रॉनवर येणे? भार हा निकषाला द्यायचा नसतो, निकषावरच्या त्या विशिष्ट पल्ल्याला द्यायचा असतो. म्हणून पल्ला आधी ठरवून कागदावर लिहावा, भार त्या पल्ल्याकडे पाहून द्यावेत, आणि मागाहून कोणते कोटेशन आले किंवा गेले तरी पट्टी हलवू नये. मी हा प्रश्न विचारल्यावर थोरल्यांनी भावाच्या वाटीतील बेदाणे उचलून पुन्हा मोजले आणि तेवढेच परत ठेवले. पण तो विचार झाला हे महत्त्वाचे.

भार काढण्याची दुसरी प्रसिद्ध वाट म्हणजे नुकतीच नाव घेतलेली एएचपी, जी थॉमस साटी यांनी 1970 च्या दशकात विकसित केली. तीत सगळे निकष एकदम समोर ठेवत नाहीत. दोन-दोन निकषांची जोडी लावून यातला कोणता किती पट महत्त्वाचा हे 1 ते 9 या मापात विचारतात. चार निकषांच्या सहा जोड्या होतात, दहा निकषांच्या पंचेचाळीस, आणि तिथे उत्तर देणारा माणूस कंटाळतो. या पद्धतीचा खरा लाभ असा की ती उत्तरांतली विसंगती पकडते. समजा कोणी म्हणाले की भाव अचूकतेच्या तिप्पट महत्त्वाचा आणि अचूकता सर्व्हिसच्या दुप्पट. मग भाव सर्व्हिसच्या सहापट असायला हवा. तो चौपट म्हणाला तर चालते. विसंगतीचे गुणोत्तर 0.016 च्या आसपास येते आणि साटी यांनी 0.10 पर्यंत मुभा दिली आहे. भार निघतात भावाला 62.5, अचूकतेला 23.8, सर्व्हिसला 13.6. पण तोच माणूस जेवणानंतर म्हणाला की सर्व्हिसच भावाच्या दुप्पट महत्त्वाची, तर गुणोत्तर 0.63 वर जाते. तेव्हा आकडे बाजूला ठेवून त्याला चहा द्यावा आणि पुन्हा विचारावे.

माणसांना विचारण्याची कटकटच नको म्हणून आकड्यांतूनच भार काढण्याच्या रीतीही आहेत. त्यांपैकी एन्ट्रॉपीची रीत शोधनिबंधांत फार चालते. जिथे पर्यायांमध्ये फरक जास्त तिथे भार जास्त, असे तिचे तत्त्व. आमच्या तीन यंत्रांवर ती चालवली तर सर्व्हिसला सुमारे 73 टक्के, अचूकतेला 22, भावाला अडीच आणि उत्पादनाला दोन टक्के भार येतो. सहा लाखांचा फरक आणि अडीच टक्के! हा आकडा थोरल्यांना दाखवला असता तर त्यांनी मला पुन्हा बोलावले नसते. ही रीत पर्यायांत फरक कुठे आहे हे सांगते. तो फरक कोणाला किती बोचतो हे तिला ठाऊक नसते. “निःपक्षपाती भार” या तिच्या बिरुदावर म्हणूनच फार भाळू नये. “बरे”, “फार चांगले” अशा शब्दांतल्या उत्तरांना आकड्यांच्या पट्ट्यांत बसवण्यासाठी लोत्फी झादे यांच्या 1965 सालच्या फझी संचांचा आधार घेणाऱ्या पद्धतीही आहेत, परंतु ज्या कारखान्यात मायक्रॉन आणि तास मोजलेले आहेत तिथे त्यांची गरज क्वचितच पडते.

निकाल किती पक्का आहे हे तपासण्यासाठी भार थोडे हलवून पाहतात. आम्ही भावाची वाटी 30 वरून वाढवत नेली आणि बाकीच्या तीन वाट्या आपापल्या प्रमाणात कमी केल्या. साधारण 39 बेदाण्यांपर्यंत क पुढे राहते. 40 झाले की अ ला 57.1 आणि क ला 56.4. म्हणजे 30 च्या जागी 33 की 35 या वादात वेळ घालवण्याचे कारण नव्हते. वाद 40 च्या पलीकडे जाणार असेल तरच तो निकाल बदलणार होता.

आतापर्यंतच्या सर्व रीतींत एक गोष्ट गृहीत आहे: एका बाबतीतले उणे दुसऱ्या बाबतीतल्या अधिकाने भरून निघते. सांगलीत हे गृहीतक किती घातक ठरू शकते ते सांगायला नको. हळदीसाठी गोदाम शोधणाऱ्या व्यापाऱ्याला नदीकडच्या सखल भागात भाडे कमी, मार्केट यार्ड जवळ, रस्ता रुंद आणि हमाल हाताशी असे गोदाम मिळाले तर गुणांच्या बेरजेत ते सहज पहिले येईल. पण आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट आहे आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेले होते. हरिपूरच्या जमिनीखालच्या पेवांत पिढ्यान्पिढ्या हळद टिकली, आणि 2005 च्या पुराचे पाणी पेवांत शिरले तेव्हा भाड्यातली बचत कोणी मोजत बसले नाही. अशा ठिकाणी पुराचे “100 पैकी शून्य गुण” पुरत नाहीत. तो पर्याय यादीतूनच जायला हवा. फ्रान्समध्ये बर्नार रॉय यांनी 1960 च्या दशकात एलेक्त्र या पद्धतीची मांडणी सुरू केली तीत नकाराधिकाराची ही कल्पना पुढे पक्की बसली: बहुतेक निकष एका पर्यायाच्या बाजूने असले, तरी एखाद्या निकषावर तो मर्यादेपलीकडे वाईट असेल, तर त्याला सरस म्हणायचे नाही. झाँ-पिएर ब्रान्स यांची 1982 सालची प्रोमेथी हीदेखील जोडीजोडीने तुलना करणाऱ्या याच घराण्यातली, परंतु तिच्यात असा नकाराधिकार नाही.

पुराचे हे उदाहरण मी कुपवाडच्या ऑफिसात देत असताना धाकटे उठले आणि कपाटातून एक ड्रॉइंग काढून आणले. थोरले ज्या नव्या गिऱ्हाइकाशी बोलत होते त्याच्या बुशचे ते ड्रॉइंग होते, आणि त्यात मापाला मुभा होती 10 मायक्रॉनची. अ चा फरक 12 मायक्रॉन. म्हणजे 18 लाखांचे, आठ तासांत माणूस येणारे अ त्या ऑर्डरसाठी उपयोगाचेच नव्हते. मुभेबाहेर जाणारा प्रत्येक नग रिजेक्शनमध्ये गेला असता. “किमान काय हवेच?” हा प्रश्न बेदाण्यांच्या आधी विचारायचा असतो, आणि तो मी विचारला नव्हता. चूक माझी.

अ ची ओळ खोडल्याबरोबर एक्सेलने आपोआप नवे सर्वोत्तम आणि सर्वांत वाईट आकडे धरले आणि उरलेल्या दोघांना गुण दिले: ब 50, क 50. दोनच पर्याय राहिले की पहिल्या रीतीत प्रत्येक निकषावर एकाला सगळे आणि दुसऱ्याला शून्य मिळते, आणि आमचे भार बरोबर निम्मे-निम्मे वाटले गेले होते. गुणोत्तराच्या रीतीने क एका गुणाने पुढे होते, टॉप्सिसने ब केसभर पुढे. पट्टी हलवायची नाही हे आधीच ठरले होते, म्हणून आम्ही सूत्रांतले 18, 24, 12, 5 वगैरे टोकांचे सगळे आकडे हाताने पक्के केले आणि जुनेच गुण परत आले: क 57.5, ब 50.

मग थोरल्यांनी कामाचा प्रश्न विचारला. क चा विक्रेता 24 तास म्हणतो खरा, पण उद्या शब्द फिरवला तर? त्याचा हिशेब करता येतो. सर्व्हिस सोडून क चे बाकी गुण साधारण 45.5 आहेत. ब ला गाठण्यासाठी सर्व्हिसमधून त्याला साडेचार गुण पुरतात, आणि आमच्या पट्टीवर साडेचार गुण म्हणजे जवळपास 39 तास. क चा माणूस 39 तासांच्या आत येणार असेल तर क, त्यापेक्षा उशीर होणार असेल तर ब. थोरल्यांनी तिथूनच फोन लावला आणि तासांची अट ऑर्डरमध्ये लेखी मागितली. पलीकडचा माणूस 24 लिहून द्यायला तयार होईना. बराच वेळ घासाघीस करून तो 36 वर आला. धाकट्यांनी क च्या ओळीत 24 खोडून 36 लिहिले, गुण 51.5 वर उतरले, आणि दोन दिवसांनी क च्या नावाने ॲडव्हान्सचा चेक गेला.